तेरा वर्षांनी परतलेला दूत : चीनची पश्चिमेची वाट कशी उघडली

पायवाट

इ.स.पू. १२८ च्या आसपास एक चिनी माणूस बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, बांबूच्या काठ्या निरखत उभा होता. काठ्या त्याला ओळखीच्या वाटल्या. शेजारी कापड होतं, तेही ओळखीचं. दोन्ही वस्तू त्याच्याच देशातल्या, आज ज्याला आपण सिचुआन म्हणतो त्या भागातल्या. त्याने विचारलं, हे तुमच्याकडे आलं कुठून? उत्तर मिळालं, आमचे व्यापारी शेन्दू देशातून विकत आणतात. तिथली हवा दमट, उकाडा फार, आणि लोक हत्तीवर बसून लढतात.

शेन्दू म्हणजे सिंधू. म्हणजे आपण.

हा माणूस चांग छ्येन (आपल्याकडे इंग्रजीवरून 'झांग कियान' असंही लिहितात). वर्षभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेशीम मार्ग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंटांचे तांडे आणि नफ्याच्या मागे लागलेले व्यापारी येतात. ही वाट उघडायला जो पहिला सरकारी माणूस निघाला, त्याच्या डोक्यात व्यापार नव्हताच. तो एका युद्धासाठी दोस्त शोधायला निघाला होता.

थोडं मागे जाऊ. चीनच्या उत्तरेला गवताळ प्रदेशात श्योंगनू नावाच्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांचं मोठं राज्य उभं राहिलं होतं. इ.स.पू. २०० मध्ये हान घराण्याचा पहिला सम्राट त्यांच्यावर स्वतः चालून गेला आणि आजच्या तातोंग शहराजवळ सात दिवस वेढ्यात अडकला. कसाबसा सुटला. त्यानंतर साठ-सत्तर वर्षं हान दरबार श्योंगनूंना राजकन्या द्यायचा आणि दरवर्षी रेशीम, धान्य, मद्य पाठवायचा. त्याला नाव छान होतं, 'सोयरीक करून सलोखा'. प्रत्यक्षात ती खंडणी होती. इतकं देऊनही सरहद्दीवरच्या धाडी थांबल्या नाहीत.

इ.स.पू. १४१ मध्ये सम्राट वू गादीवर आला तेव्हा पुरता पंधरा-सोळा वर्षांचा होता. श्योंगनूंच्या काही कैद्यांकडून त्याला कळलं की युएची नावाच्या लोकांना श्योंगनूंनी हरवून पश्चिमेला हाकललंय, त्यांच्या राजाला मारलंय आणि त्याच्या कवटीचा पेला करून त्यातून पितात. सम्राटाने विचार केला, या युएचींच्या मनात सूड असणारच. ते पश्चिमेकडून आणि आपण पूर्वेकडून चाल केली तर? मग माणूस हवा होता. जाणार कोण, हे विचारल्यावर पुढे आला तो चांग छ्येन. राजवाड्यातला एक साधा अधिकारी.

इ.स.पू. १३८ च्या सुमारास तो शंभरावर माणसं घेऊन निघाला. सोबत वाटाड्या होता गान-फू, मूळचा श्योंगनूच, गुलाम म्हणून चीनमध्ये आलेला. पश्चिमेची वाट श्योंगनूंच्या ताब्यातल्या मुलखातूनच जात होती आणि सगळे पकडले गेले. श्योंगनूंचा राजा त्याला म्हणाला त्याचा मतलब असा : युएची आमच्या पलीकडे राहतात, हान सम्राटाने तिकडे दूत पाठवायचं कारण काय? मी तुमच्या दक्षिणेच्या राज्याकडे दूत पाठवला तर तुम्ही जाऊ द्याल का? मला या प्रश्नात काहीच चूक दिसत नाही.

दहा वर्षं त्याला तिथे ठेवलं. लग्न लावून दिलं, मूल झालं. पण सम्राटाने दिलेला दूतपणाचा दंड, याकच्या शेपटीच्या केसांचे झुबके लावलेली ती काठी, त्याने जवळून सोडली नाही. हळूहळू पहारा ढिला झाला. एके दिवशी तो निसटला आणि, इथे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो, घरी पळण्याऐवजी पश्चिमेलाच गेला. दहा वर्षांनंतर दिलेलं काम पुरं करायला.

पामीरच्या डोंगराळ भागातून तो फरगाण्याच्या खोऱ्यात (आजच्या उझबेकिस्तानाच्या बाजूला) पोचला, तिथून युएचींकडे. ते आता आमू दर्याच्या उत्तरेला होते, नदीपलीकडचा बॅक्ट्रिया त्यांच्या अंकित होता, जमीन सुपीक होती आणि मारल्या गेलेल्या राजाचा वारस सुखात होता. सूड घ्यायची कोणालाही इच्छा नव्हती. चांग छ्येन वर्षभर थांबला, बोलला, समजावलं. हाती काही लागलं नाही. परतताना श्योंगनूंनी पुन्हा पकडलं. वर्षभराने त्यांचा राजा वारला, वारसाहक्काची भांडणं पेटली, त्या गोंधळात तो बायको आणि गान-फूसह निसटला. इ.स.पू. १२६ मध्ये राजधानी छांगआनला पोचला. गेलेल्या शंभरावर माणसांतले परत आले ते दोघंच. वाटेत खायला नसे तेव्हा गान-फू धनुष्याने पक्षी-प्राणी मारून आणायचा, म्हणून हे दोघं तरी जगले.

कामगिरी फसली होती. पण तो सोबत माहिती घेऊन आला. कुठल्या देशात किती लढवय्ये, काय पिकतं, नाणी कशी असतात, घोडे कसे, कोणापासून कोण किती दिवसांवर. हा सगळा अहवाल इतिहासकार सीमा छ्येनने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवला आणि तो त्याच काळातला माणूस होता. म्हणून आपल्याला हे कळतं.

आणि त्या काठ्या? चांग छ्येनने सम्राटाला सांगितलं की सिचुआनचा माल भारतातून बॅक्ट्रियात जातो, म्हणजे सिचुआनहून भारताला जायला वाट असणार, आणि ती श्योंगनूंच्या मुलखाबाहेरची. सम्राटाने दक्षिणेकडून माणसं पाठवली. आजच्या युनानमध्ये कुनमिंगच्या लोकांनी त्यांना रोखलं, लुटलं, मारलं. ती वाट दरबाराला उघडता आली नाही. व्यापाऱ्यांना मात्र ती केव्हापासून ठाऊक होती.

पुढचं थोडक्यात, कारण लढायांची यादी द्यायची नाहीये. इ.स.पू. १२१ मध्ये ख्वो छ्यूपिंग नावाच्या जेमतेम विशीतल्या सेनापतीने एकाच वर्षात दोनदा चढाई करून हशी पट्टी जिंकली. दक्षिणेला छीलिएनचे बर्फाचे डोंगर, उत्तरेला गोबीचं वाळवंट आणि मधे सुमारे हजार किलोमीटर लांबीची ही चिंचोळी पट्टी, डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर जगणारी. चीनमधून पश्चिमेला जायचं तर याच बोळातून. पुढच्या काळात तिथे वूवेई, चांगये, च्योछ्वान आणि तुनह्वांग असे चार सुभे बसवले, भिंत आणि टेहळणीचे बुरूज पुढे नेले, सैनिक आणि शेतकरी वसवले. रस्ता तयार झाला तो असा. आधी सैन्य, मग शेती, मग चौक्या, आणि चौक्यांच्या आधाराने बाकी सगळे.

इ.स.पू. ११९ नंतर चांग छ्येन पुन्हा निघाला, या वेळी इली खोऱ्यातल्या वूसुन लोकांकडे. तीनशे माणसं, प्रत्येकाला दोन घोडे, हजारोंनी गुरंमेंढरं, सोनं आणि रेशीम. त्याचे साहाय्यक पुढे पार्थिया (आजचा इराण) आणि भारतापर्यंत पाठवले गेले. तो परतला आणि थोड्याच काळात, इ.स.पू. ११४ च्या सुमारास, वारला.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे जरूर दुरुस्त करा.

---

सातू

फार सुंदर लिहिलंय. एका बैठकीत वाचून काढलं.

माझी भर एका ओळीची. याच दूतांच्या मागोमाग चीनमध्ये द्राक्षं आणि लसूणघास गेला असं वाचलं होतं. आमच्याकडे गोठ्यात रोज लसूणघासाची पेंढी पडते, म्हणून ते लक्षात राहिलं. ते बी चांग छ्येननेच नेलं का? आणि दुसरं, हान सम्राटाने घोड्यांसाठी फरगाण्यावर सैन्य पाठवलं असंही वाचलंय. एवढ्या मोठ्या साम्राज्याला स्वतःचे घोडे पैदा करता येत नव्हते? त्यासाठी फरगाण्यापर्यंत का जावं लागलं?

---

पायवाट

सातू, धन्यवाद. सीमा छ्येनच्या ग्रंथात एवढंच आहे की फरगाण्याच्या बाजूला द्राक्षाची दारू करतात, घोडे लसूणघास खातात आणि हान दूतांनी त्यांचं बी आणलं, सम्राटाने ते राजवाड्याभोवती पेरलं. चांग छ्येनचं नाव तिथे नाही. पुढच्या शतकांत अक्रोड, तीळ, काकडी, लसूण, जे जे पश्चिमेकडून आलं ते सगळं त्याच्या नावावर जमा झालं. पण द्राक्षापेक्षा लसूणघास महत्त्वाचा होता हे तुम्ही बरोबर हेरलंत. तो घोड्यांसाठी आला. चांगला घोडा आणून त्याला चांगली वैरण नसेल तर दोन पिढ्यांत तो रोडावतो.

घोड्यांचं गणित असं. चीनच्या मधल्या सखल भागात जिथे पाणी तिथे शेती, मोकळी कुरणं नाहीत. माणसाच्या पोटासाठी जी जमीन लागते तीच घोड्याला लागते. श्योंगनूंचं उलट, त्यांच्याकडे गवतच गवत, मूल लहानपणीच मेंढीवर बसायला शिकायचं. इ.स.पू. ११९ च्या गोबीपलीकडच्या मोहिमेत हान सैन्याबरोबर सरकारी आणि खासगी मिळून १ लाख ४० हजार घोडे सरहद्दीबाहेर गेले. परत आले ते ३० हजारांहून कमी. मोहीम जिंकली आणि त्यानंतर बरीच वर्षं दुसरी मोठी मोहीम काढायला घोडेच नव्हते.

अशा वेळी दूत येऊन सांगतात की फरगाण्यात असे घोडे आहेत ज्यांना घामाबरोबर रक्त येतं. त्यांना 'स्वर्गीय घोडे' म्हणायचे. (रक्त येण्याचं कारण कातडीखाली राहणारा एक कृमी असावा असं आजचे पशुवैद्य सांगतात. त्वचेतून रक्ताचे थेंब येतात आणि घामात मिसळतात.)

सम्राटाने आधी दूतांबरोबर सोनं आणि सोन्याचा घोडा पाठवून घोडे मागितले. फरगाण्याच्या दरबाराला वाटलं, चीन इतका लांब, मधे वाळवंट, हे आपलं काय करणार? नकार दिला. दूतांनी शिव्या दिल्या, सोन्याचा घोडा फोडला, परतताना वाटेत मारले गेले. मग इ.स.पू. १०४ मध्ये ली क्वांगली निघाला. तो सम्राटाच्या लाडक्या राणीचा भाऊ होता, आणि सेनापतीपद त्याला त्यामुळेच मिळालं होतं. सहा हजार घोडेस्वार आणि हजारो 'वाह्यात पोरं'. हा सरकारी शब्द आहे. गावोगावची नकोशी तरुण पोरं गोळा करून पाठवली होती. वाटेतल्या मरूद्यानांच्या गावांनी दारं लावून घेतली, अन्न दिलं नाही. दोन वर्षांनी दहातले एक-दोन तुनह्वांगला परतले. सेनापतीने मागे यायची परवानगी मागितली तर सम्राटाने तुनह्वांगजवळच्या सरहद्दीवर, युमेनच्या नाक्यावर माणसं बसवून हुकूम दिला की जो आत येईल त्याचं डोकं उडवा.

दुसरी मोहीम ६० हजार सैनिकांची, हमाल आणि वाहतुकीचे वेगळे. १ लाख बैल, ३० हजारांवर घोडे, हजारोंनी गाढवं, खेचरं, उंट. फरगाण्याच्या राजधानीत विहिरी नव्हत्या, पाणी बाहेरच्या ओढ्यावरून यायचं. म्हणून पाण्याचे जाणकार बरोबर नेले होते, त्यांनी प्रवाह वळवला. चाळीस दिवसांवर वेढा. शेवटी तिथल्या सरदारांनीच आपल्या राजाला मारून तह केला. मिळाले किती? उत्तम प्रतीचे काही डझन आणि मध्यम प्रतीचे तीन हजारांवर. युमेनच्या आत परत आले दहा हजारांवर माणसं आणि हजारावर घोडे. सीमा छ्येन लिहितो की या खेपेला अन्न कमी पडलं नव्हतं आणि लढाईतही फार मेले नव्हते. माणसं मेली कारण अधिकारी लोभी होते, शिपायांचं खात होते.

या मोहिमेनंतर मरूद्यानांची राज्यं दूत पाठवू लागली आणि वाट वाहती झाली हे खरं आहे. पण 'स्वर्गीय घोडे' हा शब्द वाचताना ती वाह्यात ठरवलेली पोरं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

---

निळीशाई

लेख आवडला, पण एक हरकत आहे आणि ती महत्त्वाची वाटते. 'वाट उघडली' हे दरबाराच्या बाजूने झालं. चिनी परंपरेतही या प्रवासाला 'छिद्र पाडून वाट काढणं' असा शब्द आहे, जणू आधी तिथे भिंतच होती.

तसं नव्हतं. चीनमध्ये आन्यांगला शांग घराण्यातली राणी फू हाओ हिची कबर सापडली, इ.स.पू. १२०० च्या सुमाराची, तिच्यात ७५० च्या वर जेडच्या वस्तू होत्या आणि त्यातला बराचसा दगड खोतानच्या, म्हणजे तुनह्वांगच्याही पश्चिमेकडच्या वाळवंटी मुलखाच्या बाजूचा मानतात. म्हणजे चांग छ्येनच्या आधी हजार वर्षं. गहू पश्चिमेकडून चीनमध्ये गेला तो त्याहूनही आधी. घोडे जुंपलेला रथसुद्धा तिकडूनच. उलट दिशेने, अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांत बर्फात गोठून टिकलेलं चिनी रेशीम मिळालं, पक्ष्यांचं भरतकाम असलेलं, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातलं. ते तिथे कोणी नेलं? याच 'रानटी' भटक्यांनी.

आणि फरगाण्याजवळ सिकंदराने इ.स.पू. ३२९ मध्ये शहर वसवलं होतं, आजचं खुजंद. चांग छ्येन त्या बाजूला पोचला तेव्हा दोनशे वर्षं तिथे ग्रीक वंशाचे लोक येऊन-जाऊन होते. तुमच्याच लेखातल्या बांबूच्या काठ्या हाच सगळ्यात मोठा पुरावा नाही का? काठ्या त्याच्या आधी पोचल्या होत्या.

---

पायवाट

निळीशाई, मान्य. 'उघडली' ऐवजी 'दरबाराला दिसली' म्हणायला हवं होतं. शीर्षक आता बदलता येत नाही, पण तुमची हरकत धाग्यावर राहील ते बरं झालं.

माझं म्हणणं एवढंच उरतं. आधी माल हातोहात सरकत होता, एका टोळीकडून दुसरीकडे, आणि कोणत्याही एका माणसाला दोन्ही टोकं ठाऊक नव्हती. इ.स.पू. १२१ नंतर त्यात एक नवी गोष्ट आली. एका राज्याने आपल्या खजिन्यातून प्रचंड प्रमाणात रेशीम पश्चिमेकडे ढकलायला सुरुवात केली, आणि तेही विकायला नाही. शिपायांचा पगार म्हणून, दूतांच्या भेटी म्हणून, आणि शरण आलेल्या श्योंगनू राजाला गप्प ठेवायला. इ.स.पू. ५१ मध्ये त्याला रेशमाचे ८ हजार तागे दिले. इ.स.पू. १ मध्ये हाच आकडा ३० हजारांवर गेला. मधे प्रत्येक भेटीला वाढत गेला. एवढ्या कापडाचं श्योंगनू काय करणार होते? नेसून नेसून किती नेसतील? उरलेलं पुढे गेलं. रोमच्या श्रीमंत बायकांपर्यंत पोचलेल्या रेशमाचा उगम मला बाजारापेक्षा या सरकारी गाठोड्यांत जास्त दिसतो.

---

धोटा

मी येवल्याचा. आमच्या घरी हातमाग तीन पिढ्यांचा. ताग्यांचा उल्लेख आला म्हणून विचारतो, त्या काळी एक तागा केवढा असायचा याची काही नोंद आहे का?

---

पायवाट

आहे, आणि ती वाचून तुम्हाला आनंद होईल. तुनह्वांगजवळच्या उजाड चौक्यांत पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला रेशमाचा एक तुकडा मिळाला, त्याच्या कडेला शाईने लिहिलंय. इ.स. पहिल्या शतकाच्या शेवटचा किंवा त्यानंतरचा आहे. मजकूर असा : रनछंग राज्यातलं कांगफूचं रेशीम, एक तागा, पन्हा २ फूट २ इंच, लांबी ४० फूट, वजन २५ ल्यांग, किंमत ६१८ नाणी. हे फूट आणि इंच हान काळातले, त्यांचा फूट सुमारे २३ सेंटिमीटरचा. म्हणजे पन्हा साधारण ५० सेंटिमीटर, लांबी सव्वानऊ मीटरच्या आसपास, वजन पाव ते अर्ध्या किलोच्या मधलं. रनछंग म्हणजे आजच्या शानतुंगात, चीनच्या पूर्व किनाऱ्याकडे. तिथून हे कापड गोबीच्या कडेपर्यंत आलं.

---

धोटा

पन्हा ५० सेंटिमीटर हे वाचल्याबरोबर हात आठवले. धोटा हाताने फेकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा म्हटलं की एकट्या विणकराला पन्हा फार वाढवता येत नाही, खांदे भरून येतात. आमच्याकडे झटक्याचा माग येण्याआधी रुंद कापडाला दोघं बसायचे असं आजोबा सांगायचे. आणि लांबी सव्वानऊ मीटर म्हणजे नऊवारीपेक्षा थोडीच जास्त. कडेला पन्हा, वजन, किंमत लिहिलेली आहे याचा अर्थ तो तागा मोजून घेतला जात होता, पैशासारखा. वजन लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. विणकराने बाण्याचे (आडवे) धागे विरळ टाकले तर लांबी-रुंदी तीच भरते, पण वजन खोटं बोलत नाही. आजही कापड हातात घेतलं की आम्ही आधी ते तोलतो.

---

बारागावपाणी

२०१७ मध्ये लानचोउहून तुनह्वांगला रेल्वेने गेलो होतो, त्या प्रवासाबद्दल थोडं. दिवसाची गाडी मुद्दाम घेतली. हशी पट्टी सुरू झाली की डाव्या खिडकीत छीलिएनची बर्फाची रांग येते आणि तासन् तास तशीच राहते. उजव्या खिडकीत करडा माळ, खडे, कुठेकुठे खुरटी झुडपं. मधेच झाडी दिसली की समजायचं, डोंगरातून एखादी नदी उतरलीय आणि पुढे गाव आहे. गाव संपलं की पुन्हा माळ. चारी सुभे या अशाच हिरव्या ठिपक्यांवर बसवलेत हे नकाशापेक्षा खिडकीतून जास्त कळतं.

युमेनचा नाका म्हणून जी वास्तू दाखवतात ती तुनह्वांगपासून नव्वदेक किलोमीटरवर. पिवळ्या मातीची चौकोनी गढी, प्रत्येक बाजू सुमारे २५ मीटर, उंची दहा मीटरच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या एखाद्या भुईकोटाच्या बुरुजात मावेल एवढी. पायवाट यांनी लिहिलेला 'आत येईल त्याचं डोकं उडवा' हा हुकूम तिथे उभं राहून आठवला तर अंगावर काटा येतो, कारण चारी बाजूंना अडवायला काही नाही. नुसता माळ. पण पाणी गढीच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे वळसा घालून कोणी जाणार कुठे?

जवळच हान भिंतीचा तुकडा आहे. दगड-विटांची नाही. लव्हाळ्याचा आणि झाऊच्या झुडपाचा एक थर, त्यावर खडी-वाळू, पुन्हा लव्हाळा, पुन्हा खडी. दोन हजार वर्षांनी लव्हाळ्याची काडी न् काडी थरातून बाहेर डोकावताना दिसते, रंग वाळलेल्या कडब्यासारखा. पाऊस नाही म्हणून टिकलं.

---

गोदाकाठ

धागा वाचतोय आणि आपल्याकडचं टोक कोणी जोडतंय का याची वाट पाहत होतो.

ज्या युएचींनी सूड घ्यायला नकार दिला, त्यांच्याच पाच शाखांपैकी एक म्हणजे कुषाण. चांग छ्येनला ते आमू दर्यापाशी भेटले, सुमारे दोनशे वर्षांनी त्यांचं राज्य मथुरेपर्यंत आलं. आणि याच सुमाराला, इ.स. पहिल्या शतकात, एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या समुद्री मार्गदर्शिकेत असं आहे की 'थिना' देशाचं, म्हणजे चीनचं, रेशीम, सूत आणि कापड बॅक्ट्रियामार्गे खुष्कीने बारिगाझाला येतं. बारिगाझा म्हणजे भडोच. त्याच पुस्तकात भडोचला माल येणारी दख्खनची दोन गावं दिलीत, पैठण, वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरहून साधं कापड आणि मलमल जायची. म्हणजे भडोचच्या धक्क्यावर चीनचं रेशीम आणि आपलं सुती कापड एकाच जहाजात चढत होतं.

या भडोच-पैठण वाटेसाठी किती झगडा होता त्याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये मिळाला. क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा, आणि त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला. नहपानाचा चेहरा खालून अर्धवट दिसतो.

संस्कृतातही खुणा आहेत. अर्थशास्त्रात चीनभूमीत होणारा चीनपट्ट येतो, आणि कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत म्हणतो की शरीर पुढे जातंय पण मन मागे ओढलं जातंय, वाऱ्याविरुद्ध नेलेल्या ध्वजाच्या चीनांशुकासारखं.

---

निळीशाई

गोदाकाठ, फार छान जोडलंत. कुषाणांचा दुवा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पायवाट, एक प्रश्न. तुम्ही म्हणता रेशीम पगार आणि भेट म्हणून गेलं. मग पश्चिमेकडून येणारे ते 'दूत' खरे दूत होते की दूताच्या वेशातले व्यापारी? चिनी दरबार तर सगळ्यांनाच नजराणा आणणारे म्हणतो.

---

पायवाट

निळीशाई, याचं उत्तर देणारा एक कागद, खरं तर लाकडाच्या पट्ट्या, आहेत. या संपूर्ण विषयात मला त्याहून प्रिय काही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुनह्वांगच्या पूर्वेला श्वेनछ्वान नावाची हान काळातली सरकारी चौकी होती. टपालाचे घोडे बदलायचे, अधिकारी आणि दूत मुक्कामाला थांबायचे. १९९० ते ९२ मध्ये ती खणली तेव्हा उकिरड्यातून लेखन असलेल्या वीस हजारांवर लाकडी पट्ट्या निघाल्या. सगळा रोजचा हिशेब. इ.स.पू. ६२ सालची एक वहीच आहे, पाहुण्यांसाठी किती कोंबड्या आल्या आणि किती शिजल्या त्याची. एका पट्टीवर खोतानचा राजा आणि त्याच्याबरोबरची मिळून १,०७४ माणसं येतायत अशी वर्दी. एवढ्यांचं जेवण करायचं होतं त्या वाळवंटातल्या चौकीला.

आणि त्यात एक तक्रार अर्ज आहे, इ.स.पू. ३९ चा. अर्जदार सिर दर्याकडच्या खांगच्यू राज्याचे दूत, त्यात समरकंदच्या बाजूच्या एका मांडलिक राजाची माणसं. त्यांचं म्हणणं असं. आम्ही याआधी अनेकदा उंट घेऊन आलो. तुनह्वांगच्या नाक्यातून आत आलं की च्योछ्वानपर्यंत गावोगाव आम्हाला खायला मिळायचं, आणि तिथे सुभेदार आमच्यासमोर, आम्हाला बरोबर घेऊन उंटांची किंमत ठरवायचा, कुठला धष्टपुष्ट आणि कुठला रोड ते. या खेपेला वाटेत अन्न मिळालं नाही. च्योछ्वानला सुभेदाराने आपल्या कारकुनांना घेऊन परस्पर किंमत लावली, आम्हाला आमचे उंट पाहूसुद्धा दिले नाहीत. आमच्यातल्या एकाने पांढरा नर आणि दोन माद्या आणल्या होत्या, त्या पिवळ्या म्हणून लिहिल्या. आमचे उंट सगळे धष्टपुष्ट होते, ते रोड म्हणून लिहिले. हे खरं नाही. आमच्यावर अन्याय झालाय.

नजराण्याची किंमत कोणी ठरवून घेतं का? 'राजासाठी अर्पण' हे शब्द अर्जात आहेत, पण भांडण भावाचं आहे. पांढऱ्या उंटाला जास्त दाम मिळत असणार, म्हणून रंगावरून वाद. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, दोन्ही. दूत म्हणून आल्यावर मुक्काम, जेवण आणि संरक्षण मिळायचं, आणि उंट विकले जायचे.

---

सातू

मी जनावरांच्या बाजाराला लहानपणापासून जातो. मालकाला बाजूला ठेवून जनावराची किंमत ठरवली तर आजही मारामारी होईल. या लोकांनी तर हजारो किलोमीटर चालवत आणलेले उंट. चालून थोडे वाळले असतील, पण आपलं जनावर रोड आहे की नाही हे मालकालाच माहीत. पुढे काय झालं त्या अर्जाचं? न्याय मिळाला का?

---

पायवाट

सातू, अर्ज दाबला गेला नाही एवढं नक्की. तो राजधानीपर्यंत गेला. परदेशी पाहुण्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने तुनह्वांगच्या सुभेदाराला लिहिलं की पत्र मिळताच चौकशी करा, प्रकरण सम्राटापुढे ठेवायचं आहे, उशीर करू नका. पुढच्या महिन्यात सुभेदाराने ते पत्र खाली तालुक्याला धाडलं, त्याची प्रत या चौकीत राहिली म्हणून आपल्या हाती लागली. त्यात तालुक्याला दिलेला हुकूम असा, की खांगच्यूच्या दूतांनी आणलेल्या उंटांनी आपल्या हद्दीत एकूण किती धान्य खाल्लं त्याचा आकडा याच महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत पाठवा.